तात्यांचा आवाज त्या एपिसोडमध्ये नव्हताच

मंडळी, मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की ‘परत करून दाखव’ म्हणणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

मी मूळचा लातूरचा. पुण्याजवळ माणमध्ये तात्या-काकूंच्या घरी वरच्या खोलीत चार वर्षं भाड्याने होतो. तात्यांची शेती आयटी पार्कात गेली, आता खोल्यांवर चालतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही काही मित्र एका विज्ञान कादंबरीचं श्रुतिनाट्य करत होतो — प्रत्येक पात्राला वेगळा कलाकार, संगीत, इफेक्ट्स, सगळं. रूपांतर माझं. त्यात परग्रहावरच्या वसाहतीत एक म्हातारा शेतकरी आहे. कंपनी त्याला जमीन सोडायला सांगते. लिहितानाच तो मला तात्यांच्या आवाजात ऐकू यायचा. म्हणून त्यांनाच विचारलं.

रेकॉर्डिंग कासार आंबोलीला, मित्राच्या बंगल्यात, भिंतींना गाद्या लावून. तात्यांनी कागद बाजूला ठेवला. मी लिहिलं होतं, “ही माती मला ओळखते.” ते म्हणाले, “माती वळखती मला. तुमाला न्हाई वळखत.” मग जरासं खोकले.

पुढे ज्या ॲपने मालिका घेतली त्यांना नावाजलेला नट हवा होता. आमचा निर्माता केदार म्हणाला, “तसंही जरा गावठी वाटतंय रे, स्पेसमध्ये.” मी हो म्हणालो. मालिका निघायला हवी होती, त्यावर माझं नाव हवं होतं... दुसरं काय. तात्यांचा ट्रॅक मिक्सिंगच्या, म्हणजे आवाजांना संगीत-इफेक्ट्स जोडण्याच्या आधीच डिलीट झाला. हे लक्षात ठेवा.

तात्यांना मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू — तोवर त्यांनी सगळ्या भावकीला सांगून टाकलं होतं. एपिसोड आला त्या रविवारी सकाळी खाली हॉलमध्ये पंधराएक माणसं, चहा, स्पीकर. “लाव रं,” तात्या म्हणाले. मी ॲपवरचाच लावला.

आणि तात्यांचा आवाज आला. वाऱ्याच्या इफेक्टसकट, संगीतासकट, त्या खोकल्यासकट. शेतकऱ्याच्या मुलीचं काम करणारी अभिनेत्री त्यांना उत्तरं देत होती. तिने तिचे संवाद त्या नटासमोर केले होते, तात्यांना ती कधी भेटलीही नव्हती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

मला वाटलं, केदारने शेवटी ठेवलं. वर जाऊन पुन्हा लावलं, तर तो नट. केदारला फोन केला. “डोकं फिरलंय का तुझं? ती फाईल आहे कुठे?”

चार दिवसांनी तात्यांच्या पुतण्याने स्वतःच्या फोनवर ऐकलं. तात्या जिना चढून वर आले. तोवर ते मला ‘तू’ म्हणायचे.

“आमाला येगळंच कायतरी लावून दाखवलं व्हय तुमी?”

“तात्या, शपथ, ॲपवरचंच लावलं होतं.”

“मंग माझा आवाज गेला कुटं?”

तेव्हा कबूल केलं की तो आम्ही काढला होता. आणि हेही सांगितलं की काढलेला आवाज त्या दिवशी कसा आला, ते मला माहीत नाही. दुसरं वाक्य ऐकताना त्यांचा चेहराच दगडासारखा झाला.

“काढला म्हनला असता तर चाललं असतं. माझ्या घरात, माझ्या मानसांपुढं खेळ मांडला तुमी. महिना संपला की खोली मोकळी करा.”

मी सगळं तपासलं. फोनमध्ये दुसरी फाईल नव्हती, तसं मिक्स कधी झालंच नव्हतं. पंधरा साक्षीदार आहेत, पण त्यांच्या लेखी ती माझी लबाडी. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही.

सामान हलवलं त्या दुपारी काकू जिन्यात भेटल्या. हळूच म्हणाल्या, “आता तरी खरं सांग, ते कसं केलंस?”

“काकू, मी काहीच केलं नाही.”

“मंग परत लाव की. येकदा ऐकू दे.”

लावलं. नट बोलत राहिला. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

“ह्यो न्हवं,” म्हणाल्या, आणि आत गेल्या.