मडकं कुणी धरायचं

कमानीवर पिवळ्या अक्षरांत ‘मुक्तिधाम’ लिहिलंय. माझ्या लहानपणी झाशीतल्या आम्हा मराठी घरांत या जागेला मसण म्हणत, आणि दिवेलागणीनंतर तो शब्दही कुणी काढत नसे. आज काकांना इथे आणलंय. गोवरीचा धूर नाकात गेला आणि मला शहराच्या जुन्या तटाचं खंडेराव गेट आठवलं.

बाबांना मुलगा नव्हता. आजारपणात ते काकांना म्हणाले होते, “मडकं हीच धरेल.” त्यांचा हात हातात घेऊन काकांनी “हो दादा” म्हटलं होतं. बाबा गेले त्या सकाळी विस्तवाचं मडकं घेऊन मी तिरडीपुढे अनवाणी चालले. दोरी बोटांना काचत होती. गेटपाशी काकांनी मडकं माझ्या हातून काढून घेतलं.

“बाळ, मसणात मुली येत नाहीत. घरी जा.”

काकांचा नव्हे, रिवाजाचाच दोष, असं मी इतकी वर्षं मनाला समजावत आले.

आज काकांची मुलगी कमानीत वळून थांबली. तिच्या हातातलं मडकं धुमसत होतं.

“ताई, अंदर आओ ना, आता सगळ्या येतात. बाबांनीच सांगून ठेवलं होतं, मडकं मीच धरायचं.”

मी कमानीबाहेरच उभी राहिले.