माहेरी जाताना वर्दी

पोलिसातल्या बायका माहेरी निघाल्या की वर्दी उतरवून साडी नेसतात. आमच्या अंजनीताई म्हसकर नेमकं उलट करतात. सुट्टी असली तरी जांभूळला आईकडं जायचं म्हटलं की अंगावर खाकी चढवायची, टोपी काखेत मारायची आणि मगच निघायचं. "आईला सॅल्यूट ठोकायचाय का?" असं मी त्यांना कितीदा तरी चिडवलं. त्या नुसत्या हसायच्या. कारण कळलं तेव्हापासून माझं चिडवणं बंद झालं.

मी अंबरनाथ पूर्वेला लहान मुलांची डॉक्टर. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांशी कसं वागायचं, कसं बोलायचं, हे शिकवायला आम्ही काहीजण पोलीस, डॉक्टर, वकील, शिक्षक अशा सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवतो. काम म्हणजे डोक्याला ताप. वकील दुसऱ्याला बोलू देत नाहीत, आमच्या डॉक्टर मंडळींना सगळं आधीच ठाऊक असतं, आणि शिक्षक बिचारे शेवटच्या रांगेत बसून उतरवून घेत राहतात. त्यांना कुणी काही विचारत नाही. या सगळ्यांना गप्प करणारी एकच बाई, फौजदार अंजनीताई.

ही जांभूळच्या शेतकऱ्याची लेक. भातशेताच्या बांधांवर धावून भरतीची तयारी केली, शिपाई झाली, मग खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार. गावाला तिचं कोण कौतुक! लेक गावात आली की आधी आईच्या उंबऱ्याशी थांबायचं, भाकरतुकडा ओवाळून घ्यायचा, घोटभर पाणी प्यायचं आणि मग बाकीची घरं, अशी तिथली रीत. ताईंनी ती कधी मोडली नव्हती.

काही वर्षांपूर्वी त्याच गावातल्या तिसरीतल्या एका मुलीनं शाळेत आपल्या बाईंना सांगितलं, की गिरणीवाला काका तिच्याशी नको तसं वागतो. तिचं नाव लिहीत नाही, आमच्या कामात ते लिहायचं नसतं. बाईंनी त्याच दिवशी ठाणं गाठलं. तक्रार दुसऱ्याच कुणी लिहून घेतली आणि मुलीचा जबाब घ्यायला अंजनीताईंना धाडलं. मुलांसमोर वर्दीत जायचं नाही, हा नियम. ताईंनी साडी नेसली, गजरा माळला. लेक माहेरी आलीय असंच गावाला वाटेल, एवढा साधा हिशेब.

पण पोर वाट बघत असेल, घाबरली असेल, या घाईत त्या आईच्या दारावरून तशाच पुढं गेल्या. थेट त्या घरी. ओट्यावर बसलेल्या बायकांनी ते पाहिलं. "काय गो अंजने, आयेला सोडून हिकडं कनाला?" म्हणत एक आली, तिच्यामागं दुसरी, तिसरी. मुलीच्या आईला सगळ्यांसाठी चहा टाकावा लागला. बायका काही हलेनात. शेवटी ताईंनी मुलीला आतल्या खोलीत नेलं आणि हळूच विचारलं.

"काय नाय झालं," ती म्हणाली. भिंतीपलीकडं कपबश्यांचा आवाज येत होता.

दिवेलागणीपर्यंत गावभर बोभाटा झाला. गिरणी राहिली जागच्या जागी. बिऱ्हाड हललं ते त्या मुलीचं, कर्जतच्या पुढं कुठंतरी. कोर्टातही तिनं तोंड उघडलं नाही. गिरणीवाला सुटला. मला अजून संताप येतो, आणि तो ताईंवर काढताही येत नाही. नियमात त्या कुठं चुकल्या?

हे सगळं ताई प्रत्येक प्रशिक्षणात स्वतःच सांगतात. परवा बदलापूरलाही सांगितलं. म्हणाल्या, "एकच विचारायचं राहिलं माझं. बाळा, तुला कुठं बसून बोलायचंय?"

तेव्हा शेवटच्या रांगेतून एक शिक्षिका उठल्या. चैत्रालीबाई.

"ती माझ्याच वर्गात होती," त्या म्हणाल्या. "मला म्हणाली होती, बाई, घरी नको, मी इथंच सांगते. पण ठाण्यात मला ते कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही. वाटलं, पोलिसांना सगळं कळत असेल."

ताई खुर्चीत बसल्या. "तुम्ही शाळेत, मी ठाण्यात," एवढंच म्हणाल्या. "एक फोन लावायचा होता हो, बाई." चैत्रालीबाई रडायला लागल्या. ताई रडल्या नाहीत, आणि ते बघणं मला जास्त जड गेलं.

संध्याकाळी त्यांना जांभूळला सोडायला मी निघाले. त्याआधी हॉलच्या मागच्या खोलीत जाऊन ताईंनी साडी बदलली, खाकी घातली. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभीच होती. तिनं लेकीवरून तो ओवाळून टाकला आणि कुरकुरली, "आता तरी काढ गो ते अंगावरचं. साडी नेस एखादी. लेक आल्यासारखी वाटंल."

"नको आये," ताई म्हणाल्या. "त्या पोरीच्या घरी गेले तेव्हापासून मी साडीत दिसले का बायका आपल्या पोरींना घरात घेतात. आज कुणाकडं आली, म्हणून. खाकीत असले की कळतं त्यांना, नुसती आयेला भेटायला आलीय."

समोर नळावर दोन मुली पाणी भरत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं, खाकी दिसली, आणि त्या पुन्हा आपल्या हंड्याकडं वळल्या.