आमचा भांगेचा गाळा

आमच्या धंद्यात तेल थेंबाथेंबानं जमतं आणि किस्से पिंपानं! नाशकात अंबडच्या एमआयडीसीत तुम्ही नटबोल्ट बनवा, कुणी वळून बघत नाही. भांगेच्या झाडापासून सीबीडी नावाचं औषधी तेल काढते म्हटलं की रिक्षावालासुद्धा आरशातून निरखून बघतो. पूर्वी मी "औषधाचं छोटं युनिट आहे" असं पुटपुटायचे. आता ते सोडलं. लायसन्स आहे, पाला उत्तराखंडातून रीतसर परवान्यानं येतो, मग मान खाली कशाला घालायची?

आम्ही तिघं. मी, केमिस्ट शबाना आणि मशीन सांभाळणारा पेठकडचा रघू. गाळा भाड्याचा, दिंडोरीच्या भाऊसाहेबांचा. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांचा निरोप आला, "दिवाळीला गाळा खाली करा. लोक नावं ठेवतात." आमचं लायसन्स याच पत्त्यावरचं. गाळा गेला की लायसन्स गेलं, आणि लायसन्स गेलं की आम्ही तिघं घरी! तर हे किस्से त्याच दिवसांतले.

*

वाळलेला पाला आला की तो भरडायचा आणि ओव्हनमध्ये मंद तापवायचा. त्याशिवाय त्यातलं सीबीडी कामाचं होत नाही. पण तापवताना जो वास सुटतो ना! शेजारच्या कुणीतरी फोन केला आणि एक हवालदार दारात हजर.

"माल कुठाय?"

"दाखवते ना," शबाना म्हणाली. आधी त्यांना ॲप्रन दिला, केसांवर जाळी दिली, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या. मग सुरू झाली. हा पाला गार अल्कोहोलमध्ये भिजवायचा. गाळायचा. तो अर्क फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे झाडातलं मेण गोठतं. ते परत गाळायचं. मग अल्कोहोल उडवायचं. मग डिस्टिलेशन, मग तिळाच्या तेलात मिसळायचं, मग लॅबची तपासणी.

हवालदारांना घाम फुटला. "आणि हे प्यायलं की चढते?"

"नाही. नशेचा भाग नियमापेक्षा जास्त निघाला तर अख्खा घाणा बाद."

त्यांनी केसांवरची जाळी काढून माझ्या हातात दिली. "मॅडम, एवढा खटाटोप करून चढतच नाय? मग करता कशाला!"

*

आमच्याकडे शनिवारी वीज जाते. गोठलेलं मेण वितळून परत अर्कात मिसळलं की सगळी मेहनत पाण्यात. एका शनिवारी वीज काही येईना. रघू धावत सुटला आणि जवळ बर्फ मिळतो ते एकच ठिकाण, वाईन शॉप, तिथून गोणी भरून घेऊन आला.

नेमकं त्याच्या गावच्या माणसानं पाहिलं! सोमवारी पहिल्या एसटीनं रघूचे वडील दोन जाणत्या माणसांना घेऊन थेट गाळ्यावर. "एवढा बरफ? किती पितोस रं?"

रघू रडकुंडीला आला. "बाबा, आईची आण! तो बरफ दारूसाठी नव्हता. भांगेसाठी व्हता!"

*

शबानाचं घर जुन्या नाशकात. तिच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, मोहल्ल्यात सांगायच्या की सून केसांचं तेल बनवते. मग काय, बायका बाटल्या घेऊन दारात! शबाना वैतागली. "अम्मी, मी चोरी करत नाही. खरं सांगा, नाहीतर मी सांगते."

पुढच्या लग्नात एका बाईंनी सगळ्यांसमोर खोचून विचारलं, "सुना है, आपकी बहू भांग का काम करती है?"

अम्मींनी पानाचा डबा खाडकन मिटला. "हाँ, करती है. सरकार का लायसन लेके करती है. तुम्हारी बहू के पास काहे का लायसन है?"

*

भाऊसाहेबांना समजवायला मी दिंडोरीला गेले. घरासमोरच द्राक्षांची बाग. मी विचारलं, "द्राक्षं कुठं जातात?"

"वायनरीला."

"तिथं सरबत करतात का?"

भाऊसाहेबांनी खाकरून टोपी सारखी केली. "ते वायलं, हे वायलं."

मला इतका राग आला की चहा तसाच टाकून उठले. त्यांच्या बायको, आमच्या काकू, मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. दोन दिवसांनी त्या एकट्याच बसनं गाळ्यावर आल्या. डिस्टिलेशन चालू होतं. काचेच्या नळीतून पडणारे सोनेरी थेंब त्या स्टुलावर बसून बघत राहिल्या.

"एवढ्या ढीगभर पाल्याचं एवढुसंच?"

"एवढंच, काकू."

"मंग लोण्याचं तूप कढवण्यासारखंच की. त्यात लाजायचं काय?"

*

खंडेनवमीला एमआयडीसीत प्रत्येक गाळा धुऊन निघतो. मशीनला झेंडूच्या माळा, नारळ, आणि शेजारच्या गाळ्यांना पेढे. आदल्या वर्षी आमचे पेढे सगळ्यांनी हसून घेतले आणि कुणीच खाल्ले नाहीत. संध्याकाळी गल्लीच्या कचराकुंडीत दिसले. तो अपमान माझ्या डोक्यात बसला होता. म्हणून या खेपेला शटर पूर्ण वर केलं, टेबल गल्लीत मांडलं आणि पेढ्यांचं ताट सगळ्यांसमोर ठेवलं. खायचे तर इथंच, आमच्या डोळ्यांदेखत!

अख्खी गल्ली जमली. भाऊसाहेबही काकूंना घेऊन आले. गाळा सोडायचं चारचौघांत सांगायचं, असं ठरवूनच आले होते. पण रिवाज असा की पहिला पेढा मालकाचा. सगळे बघताहेत म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटून पेढा तोंडात टाकला.

बाकी कुणी ताटाला हात लावेना.

घटकाभरानं भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि खुर्चीत बसले. "गरगरतंय मला. पाय हलके पडाय लागले. बघा! लय दिवस सांगतोय मी, हे लोक भांग घालत्यात. आता समद्यांच्या म्होरं सांगतो, गाळा..."

"अहो," काकू म्हणाल्या, "ते पेढे घरचे हायेत. आपल्याच म्हशीचं दूध. काल मीच वळले आन मीच बसनं येऊन देऊन गेले."

गल्लीत असा हशा उठला की समोरच्या गाळ्यातले लोकही धावत आले. भाऊसाहेब ताडकन उभे राहिले. गरगरणं गायब! "हसू नका! गाळा माझा हाय, मी म्हणंल तसं..."

काकूंनी ताटातला एक पेढा उचलला, शांतपणे खाल्ला आणि पदरानं बोटं पुसली.

"गाळा माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या. "रघू, फोड रं नारळ!"