सव्वा शेराची काच

जगातल्या कुठल्याही वस्तूची पारख तीन प्रश्नांत होते, यावर आमच्या दिग्रसच्या फोटोवाल्या मामूंइतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. केवढी आहे, किती जलद आहे आणि किती साफ आहे, हे ते तीन प्रश्न. मुळात ते कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी होते. लेन्सला मामू काचच म्हणत; ती लहान असावी, डोळा लवतो तेवढ्यात फोटो टिपेल इतकी जलद असावी आणि कोपऱ्यापर्यंत साफ असावी. पण त्यांच्या दुकानासमोरून जाणारं काहीही त्यातून सुटत नसे. एस.टी.बद्दल ते म्हणत, “मोठी आहे, जलद नाही, आन साफ तर नाहीच नाही.” भाचीसाठी आलेलं एक स्थळ त्यांनी “जलद आहे, पन कोपऱ्यात धुंदला आहे” असं सांगून नापास केलं. धुंदला म्हणजे नेमकं काय, ते मुलीच्या बापाला शेवटपर्यंत कळलं नाही.

“तिन्ही गुन एका काचेत मावत नाहीत, बीए साहेब,” ते मला सांगत. “दोन घ्या, एक सोडा. कोनता सोडाचा, हे समजाले जिंदगी जाते.” मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. कॉलेजच्या अर्जावरचा माझा फोटो मामूंनीच काढला होता, आणि निकाल लागला त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घेणं सोडून दिलं होतं.

त्यांच्याकडे तीन पायांवर उभा राहणारा लाकडी कॅमेरा होता आणि त्याला एक लहानशी, हलकी, धीमी काच. थंडी पडली की तो सगळा संसार खांद्यावर टाकून ते झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांत जात. एस.टी. संपली की नाले ओलांडत पायी. तिथल्या कित्येकांनी आपलं तोंड कागदावर कधी पाहिलं नव्हतं. मामू काळ्या कापडातून डोकं बाहेर काढत, काचेचं झाकण उचलत, “हलू नका” म्हणत आणि मोजत, “एक बकरी, दोन बकरी, तीन बकरी.” तिसऱ्या बकरीला झाकण बंद. दुसऱ्या बकरीला लोकांना हसू फुटायचं, त्यामुळे त्या भागातल्या निम्म्या फोटोंत माणसं ओठ घट्ट दाबून बसलेली दिसतात.

मी पास झालो तेव्हा आमच्या घरापुढे सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. आम्ही बौद्ध झालो त्याला तीनचार वर्षं झाली होती, घरात बी.ए. ही त्यानंतरची मोठी गोष्ट. बाबा जिनिंगमध्ये गाठोडी उचलत, आई तिथंच कापूस वेचायची. रुईच्या धुळीनं तिचे डोळे असे झाले होते की उन्हात बसली की पाण्याची धार लागे, म्हणून सगळे ओसरीच्या सावलीत बसलो. आई नेहमीसारखी रांगेच्या अगदी टोकाला. तिचं डोकं सतत थोडं थोडं हलायचं, कुणाला तरी हळूच नाही म्हटल्यासारखं. तीन बकऱ्या झाल्या. चार दिवसांनी फोटो आला. त्यात सगळे स्वच्छ, आणि आईच्या जागी लुगड्यावर धुक्याचा एक गोळा.

“मी हालली ना भाऊ,” आई मामूंना म्हणाली. “पोराचा फोटो बिघडवला म्या.”

मामूंनी फोटो परत घेतला, खिशात घातला आणि ठेवलेला चहा न पिता निघून गेले.

त्यांनी नागपूरच्या एका दुकानदाराला पत्र लिहिलं. आठ दिवसांत एक ठेवून घ्यायची आणि किमतीपोटी आपली जुनी द्यायची, अशा बोलीवर तीन जर्मन काचा आल्या. समोरच्या किराणा दुकानदाराच्या बकरीवर त्यांची परीक्षा झाली, कारण हलू नका म्हटलेलं न ऐकणारं तेवढंच गिऱ्हाईक फुकट मिळत होतं. पहिली काच खिशात मावणारी, रेघ न् रेघ टिपणारी, पण धीमी. तिच्यात बकरीला दोन तोंडं आली. दुसरी लहान आणि जलद. बकरी छान आली, पण कडेला उभा असलेला दुकानदार गुळासारखा वितळला. तिसरी पितळी, थोराड. तिच्यात बकरीच्या कानावरची माशीसुद्धा आली.

“हेच ठेवा की मामू!” दुकानदार म्हणाला.

“तराजू आना पहिले,” मामू म्हणाले.

सव्वा शेर भरली. मामूंनी ती झोळीत घालून दोन दिवस बाजारभर हिंडून पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी उजवा खांदा इतका उतरला की लोक विचारू लागले, काय उचललं मामू? “नाले पार करा का हे काच उचला,” ते मला म्हणाले. “दोन्ही मिळून या वयात होत नाही.” पाच दिवस ते असेच पहिली आणि तिसरी हातात घेऊन बसले होते. मी समजूतदारपणे म्हणालो, “पहिलीच ठेवा. झरीची माणसं वाट पाहतात.” आईचं नाव मी काढलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी ते थोराड काच लावून आमच्या ओसरीत हजर. एकाच अंतरावरचं माणूस ती साफ टिपते, मागचे-पुढचे धूसर होतात. म्हणून आईला एकटीलाच मधोमध बसवायचं होतं.

“पोराचा काढा,” आई म्हणाली. “माह्या कायले? मी हलतो.”

“हला ना बाई,” मामू म्हणाले. “चाळीस वर्सं लोकाईले हलू नका म्हनत राह्यलो. आता लोकाईनं काहून सोसाचं? काच सोशीन.”

झाकणाऐवजी या वेळी काचेतला पडदा खट्‌कन वाजला. त्यांनी काही मोजलं नाही. फोटो धुण्याआधीच, त्याच दुपारी, त्यांनी उरलेल्या दोन काचा आणि आपली जुनी काच नागपूरला परत पाठवल्या. मी विचारलं, “आणि झरी?” ते पार्सलाची गाठ आवळत राहिले. त्या थंडीत ते एकदाच तिकडे जाऊन आले, कॅमेरा न घेता. आता फोटो काढायला येणार नाही, एवढं गावोगाव सांगायला.

फोटो घेऊन ते स्वतः आले. आईनं तो मांडीवर ठेवला. आरशातही तिचा चेहरा तिच्याबरोबर हलायचा; स्थिर असा तो तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. ती खूप वेळ पाहत राहिली. मग पदर सावरून तिनं मामूंना विचारलं, “अशी दिसतो का जी मी?”

“नाही बाई,” मामू म्हणाले, “याहून बऱ्या दिसता. काचेले बी हद्द असते.”