वर्गशिक्षिकेच्या वडिलांना बोलावणं

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं साहेबाशी खुशाल भांडावं, पण भांडणाच्या भरात स्वतःच्या बापाचा मोबाइल नंबर कुठं टाइप करू नये!

मी लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात शरीरशास्त्र शिकवते. आमच्या प्राचार्यांनी एक ॲप आणलं. मुलींनी घरी व्हिडिओ बघायचा, ऑनलाइन टेस्ट द्यायची, मग वर्गात यायचं. मी तर खूश! पण ॲप मूळचं क्लासवाल्यांचं. आणि लातूरच्या क्लासची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. टेस्ट संपली की मार्क थेट बापाच्या मोबाइलवर! कमी पडले की बाप हजर.

मीटिंगमध्ये मी उभीच राहिले. "सर, पालकांचे नंबर मी भरणार नाही."

"का हो मॅडम? क्लासला सगळे भरतेत की!"

"ही अकरावीची लेकरं नाहीत. मतदान करतात या मुली. उद्या तुम्हाला सलाइन लावतील!"

मला एवढा राग का? वर्गात उदगीरची सरिता होती. हुशार, पण टेस्ट म्हटलं की हातपाय गळायचे. ती मला म्हणाली होती, "मॅडम, एकदा कमी पडले म्हणून कळलं ना, तर पप्पा मला घरी नेतेत. स्थळ बघूनच ठेवलंय." आता सांगा, असल्या पोरीचे मार्क मी घरी कळवू? अजिबात नाही!

प्राचार्य वैतागले. "एक टेस्ट तुमच्या मनासारखी. मग बघू."

मी ठसक्यात साठ मुलींची यादी ॲपवर चढवली. पालकांचे रकाने रिकामे! मग वाटलं, मुलींना टेस्ट दिसते कशी ते तरी बघावं. म्हणून स्वतःचंच नाव विद्यार्थिनी म्हणून घातलं. अख्ख्या यादीला काही न म्हणणारं ते ॲप एकटीच्या फॉर्मला मात्र अडून बसलं. पालकाचा नंबर हवाच! मला तोंडपाठ नंबर एकच, बाबांचा. दिला ठोकून.

प्रश्न मीच काढलेले, ते काय वाचायचे? दिसेल तिथं बोट दाबत सुटले. वीसपैकी तीन पडले. मी हसले आणि चहा प्यायला गेले.

सोमवारी अकरा वाजता मी वर्गात शिकवतेय, तर दारात बाबा! औशाहून एसटी धरून आलेले. निवृत्त हेडमास्तर, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवलेला माणूस. ते प्राचार्यांनाच सोबत घेऊन आले होते.

"वर्गशिक्षक कोण हाय हितं?"

साठ मुलींनी माझ्याकडं बघितलं.

"मीच, बाबा."

"तूच?" बाबांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. वर माझंच नाव, खाली मेसेज. 'आपल्या पाल्यास वीसपैकी तीन गुण मिळाले आहेत. पाल्यासह वर्गशिक्षकांना सोमवारी अकरा वाजता भेटावे.'

"पाल्य बी तूच, शिक्षक बी तूच! पंचेचाळिशी आली, काय करायलीस गं हितं?"

वर्गात हशा पिकला. प्राचार्य तर असे खुलले! "बघा मॅडम! मेसेज गेला की पालक येतेत. आता भरून टाका सगळे नंबर."

लाजेनं वाटलं, जमिनीनं पोटात घेतलं तर बरं. पण दुसऱ्या बाकावरची सरिता एकटी हसत नव्हती. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"नाही भरणार! माझे वडील रागवायला आलेत, सर. एखादीचे वडील न्यायला येतील. तुम्हाला काय करायचं ते करा, मी नंबर भरणार नाही!"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लेकीचं खरं हाय, सर. पोरींच्या घरी कळवू नका."

मला भरूनच आलं हो! उभ्या जन्मात बाबा पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलले होते.

"हिच्या घरी मात्र कळवत जावा," बाबा पुढं म्हणाले. "हिचा अभ्यास लई कच्चा हाय."

प्राचार्यांनी दोन्ही गोष्टी तिथल्या तिथं कबूल केल्या.

मुलींचे रकाने आजही रिकामे आहेत. सरिता दुसऱ्या वर्षाला गेली. आणि मी दर आठवड्याला, मीच काढलेले प्रश्न, एकेक शब्द वाचून सोडवते. गेल्या खेपेला घाई झाली, तरी वीसपैकी एकोणीस पडले! लगेच बाबांचा फोन.

"एक कुठं गेला?"