बाबारावांनी मोजलेला सूर

बाबाराव पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी मोजायचे तीन टेप मागितले, काउंटरवर शेजारी शेजारी ताणले आणि वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, मधला लबाड हाय. इकू नका." आणि काहीही न घेता निघून गेले.

वारंगा फाट्यावर हार्डवेअरचं दुकान एकट्या बाईनं चालवायचं तर येणाऱ्यावर आधी संशय घ्यावा लागतो. हा माणूस वजनमापाच्या खात्याचा असेल किंवा भामटा असेल, असं मी धरून चालले. ते गेल्यावर मी टेप पुन्हा ताणले. मधला खरंच दोन मिलिमीटर कमी होता. मी तो बाजूला काढला, पण माझा संशय वाढलाच. इतकं बारीक कोण बघतं?

पुढे कळलं की ते ट्रकचे कमानपाटे बसवतात. दुकान आणि घर फाट्यावरच, एकामागे एक. तीस वर्षं दिवसभर घणाचे घाव घातलेला माणूस, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणंच. कोणाच्याही शब्दावर त्यांचा भरवसा नसे. पेट्रोल पंपावर ते मापाच्या डब्यात पेट्रोल घ्यायचे. लग्नपत्रिका आली तरी तिथी पंचांगात पडताळून बघायचे. "मोजल्याबिगर मानू नये" हे त्यांचं ब्रीद. कोणी रागावलं की म्हणायचे, "तुमच्यावर इश्वास न्हाई असं न्हाई. माझ्यावर बी न्हाई."

एका हिवाळ्यात त्यांची खरेदी विचित्र होऊ लागली. एक हॅक्सॉ ब्लेड, पण फ्रेम नको. तीनदा तपासून घेतलेला एक टेप. एक बारीक कानस. झटपट चिकटणारा डिंक. सायकलच्या चाकाचे चार आरे. त्याच महिन्यात फाट्यावरच्या दोन दुकानांची कुलपं कोणीतरी उघडली होती. मोडली नव्हती, उघडली होती. बारीक कानस आणि पोलादी तार घेऊन माणूस काय करतो, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी सरळ विचारलं, "बाबाराव, हे सामान कशाला लागतं तुम्हाला?"

ते अजिबात रागावले नाहीत. उलट खूश झालेले दिसले. म्हणाले, "बराबर हाय तुमचं. इचारलंच पाहिजे. चला, दाखवतो."

दुकानामागच्या ओसरीवर एक लाकडी खोका ठेवला होता. सिगारचा. कोण्या साहेबाच्या घरसामानाच्या ट्रकमधून आलेला, ड्रायव्हरनं त्यांना दिलेला. खोक्यातून सागवानी पट्टी आरपार घातली होती आणि तिच्यावर मोटरसायकलच्या क्लच वायरमधली एकच तार ताणली होती. मोबाइलवर कोणी परदेशी माणूस असल्या खोक्याची गिटार करताना त्यांनी पाहिला होता. आता तिला पडदे बसवणं चाललं होतं, सतारीच्या दांडीवर असतात तसे. टेपनं खूण करायची, ब्लेडनं बारीक खाच पाडायची, आरा तेवढाच कापून डिंकानं खाचेत बसवायचा, टोकं कानशीनं घासायची म्हणजे बोट कापत नाही.

"आता या वयात गाणं?" मी विचारलं.

"गाणं कोणाला पाहिजे? मला हार्मोनियम मोजायची हाय."

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या बायकोचं, कौसाबाईंचं, फाट्यावरच्या मारुतीच्या देवळातल्या बायकांच्या भजनात पहिल्यापासून पुढे बसणं असे. अभंगाची चाल त्या उचलायच्या, मग बाकीच्या मागून म्हणायच्या. महिन्याभरापूर्वी हार्मोनियम वाजवणारे रंगनाथ गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कौसाबाई, सूर सुटून राहिला तुमचा. मागं बसून टाळ धरा." तेव्हापासून कौसाबाई देवळात गेल्या नव्हत्या. घरातही गुणगुणणं बंद होतं. सप्ताह तोंडावर आला होता.

"तीस साल गायली बाई, अन् आता एकदम खोटी?" बाबाराव म्हणाले. "बाई खोटी का हार्मोनियम खोटी, मोजल्याबिगर कसं कळंल? तार लबाड नसते ताई. अर्ध्यावर दाबा, वरचा सा. तिसऱ्या हिश्श्यावर पंचम. कुणाच्या बापाचं काही चालत न्हाई तिथं."

हा हिशोब त्यांनी मोबाइलवर ऐकला, मग हायस्कूलच्या गणिताच्या सरांकडून पडताळून घेतला. तार साठ सेंटिमीटर. तीसवर एक पडदा, वीसवर एक, पंधरावर मध्यमाचा. मला वाटलं, नवऱ्यानं बायकोची बाजू घेतली, आता माप तिच्याच बाजूनं निघणार.

आठ दिवसांनी ते दुकानात आले ते भांडायलाच. "तुमच्या टेपानं घात केला. सर म्हणून राहिले, सगळे सूर चढे लागतात." स्वतःच्या कानानं ऐकायचं सोडून हा माणूस सरांना का विचारत बसतो, हे मला खटकलं, पण तेव्हा मी भांडणात होते. माझा टेप घेऊन मी तावातावानं त्यांच्या ओसरीवर गेले. पडदे जागच्या जागी होते, केसाचाही फरक नव्हता. तार मात्र पट्टीपासून बोटभर उंच होती. टोकाला आधाराला त्यांनी जाड बोल्ट आडवा ठेवला होता.

"वाळत घालायची तार मधे दाबली की ताणते ना?" मी म्हटलं. "ही तुम्ही एवढी खाली दाबता. ताणली की सूर चढणारच. टेपला काहून बोलता?"

त्यांनी तारेखालचं अंतर टेपनं मोजलं. मग म्हणाले, "म्हंजी खोट माझीच." आणि लगेच बोल्टात खाच घालायला कानस उचलली. इतक्या सहज चूक कबूल करणारा माणूस मी फाट्यावर दुसरा पाहिला नाही.

देवळात मोजणी झाली ती सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपारी. बायका जमल्या, कौसाबाईंना ओढूनच आणलं होतं. गुरुजींनी सा धरला, सरांनी तार त्याला मिळवली. मग एकेक सूर, हार्मोनियमवर आणि तारेवर एकदमच. प्रत्येक वेळी बाबाराव माझ्याकडे वळायचे. "ताई, तुमी कोणाच्याच बाजूच्या न्हाई. सांगा, आवाज एक का दोन?"

प्रत्येक वेळी एकच होता. मी तसं सांगितलं.

त्यांनी सगळं तीनदा करायला लावलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हार्मोनियम खरी हाय." कौसाबाई खाली मान घालून बसल्या. मी त्यांच्या मागेच होते. वाईट वाटून विचारलं, चहा घेता का? त्या हलल्या नाहीत. रागावल्या असतील म्हणून पुन्हा विचारलं. काहीच नाही. मग गुरुजींनी त्यांना एकदा गाऊन बघा म्हटलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या सूर ऐकत नाहीत, गुरुजींची बोटं बघतात.

देवळाबाहेर मी बाबारावांना गाठलं. बाईंना कमी ऐकू येतं, म्हटलं.

"काहीबी बोलता. मी बोललो की घरात लगीच ऐकते."

"तुम्ही बोलता का ओरडता?"

संशय त्यांच्या डोळ्यांत उतरताना मी पाहिला, आणि या वेळी तो त्यांच्या स्वतःच्याच घरावर होता.

नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांकडे त्यांनी मलाही साक्षीला नेलं. तिथे हटून बसले, "मशीन बराबर हाय का बघायला आधी माझे कान मोजा." डॉक्टरांनी हसत मोजले आणि हसू थांबलं. बाबारावांचे कान कौसाबाईंपेक्षा जास्त गेले होते. एकानं घणाजवळ घालवले, दुसरीचे वयानं गेले, आणि दोघंही मोठ्यानं बोलत असल्यामुळे कोणालाच पत्ता लागला नव्हता. डॉक्टर म्हणाले, ऐकायचं यंत्र दोघांनाही लागेल. कौसाबाईंनी लावलं. बाबारावांनी स्वतःचं डबीसकट खिशात ठेवलं. "त्याच्यावर अजून इश्वास बसला न्हाई," म्हणाले. तो शेवटपर्यंत बसला नाही. मागच्या उन्हाळ्यात ते गेले, तेव्हाही ते यंत्र डबीतच होतं.

कौसाबाईंचं यंत्र आलं तोवर त्या वर्षीचा सप्ताह होऊन गेला होता. पुढच्या वर्षीच्या सप्ताहात कौसाबाई पुढे बसल्या. गुरुजींनी स्वतः बोलावलं. पहिला अभंग त्यांनीच उचलला. बाबाराव समोर बसले होते, पण बायकोकडे बघत नव्हते. आमच्या एकेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते.

भजन संपल्यावर ते माझ्याजवळ आले. त्यांच्या मानानं फार हळू विचारलं, "ताई, बराबर लागला का सूर?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पायऱ्यांवर चपला शोधणाऱ्या बायकांकडे गेले, त्यांनाही विचारायला.