उतारावरची मॅट

नोएडातल्या एका गोल्फ रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर, मी रविवारी सकाळी शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत कुणी खुर्चीत बसून खेळतं, कुणी कृत्रिम पायावर तोल सांभाळत. अशांना शिकवणारा म्हणून माझं थोडंफार नाव आहे. ते कशावर उभं होतं, हे आजवर कुणाला बोललो नव्हतो.

गाझियाबादहून एक ताई यायच्या. केंद्र सरकारच्या नोकरीत, माझ्याहून वयाने थोड्या मोठ्या, आमच्यासारखंच दिल्लीत मुरलेलं मराठी घर. डावा हात कोपराच्या वरून गेलेला. मी त्यांना डावखुऱ्यांची स्टिक दिली. तिने खेळताना उजवा हात पुढे राहतो आणि ताकद बरी लागते. ग्लोव्ह घ्यायला गेल्या, तर दुकानदाराने सवयीने, बहुतेक खेळाडू एकच घालतात तो, डाव्या हाताचा पुढे केला. "मी म्हटलं, भैया, पहनूँ किसमें?" हे सांगून त्या मनापासून हसल्या. मी खाली बघून चेंडू मांडत राहिलो.

फटके मारायला त्यांना मी नेहमी रांगेतली शेवटची मॅट द्यायचो. तिच्यापुढे जमीन उतरती आहे, गवत जळून टणक झालेली. साठ-सत्तर यार्डांवर पडलेला चेंडू तिथून घरंगळत शंभर यार्डांच्या पाटीशी जातो. रेंजवर शिकवणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. ताईंना नव्हतं. पहिल्यांदा चेंडू पाटीपर्यंत गेला तेव्हा मी "बिल्कुल परफेक्ट" म्हणालो आणि मग तेच म्हणत राहिलो. शेजारच्या मॅटवरच्या धडधाकट आयटीवाल्यावर मात्र मी खेकसायचो.

एकदा त्यांनी विचारलंही, "त्याला ओरडता, मला का नाही? हात एक आहे सर, कान दोन्ही शाबूत आहेत."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. कुणाचं मन मोडू नये, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे त्या रिकाम्या बाहीकडे बघून मला त्यांची चूक दाखवायची हिंमत व्हायची नाही, आणि उतार माझं काम करत होता.

मग त्यांच्या ऑफिसची स्पर्धा ठरली. पहिल्याच होलला समोर तळं, पाणी ओलांडायला ऐंशी यार्ड. सहकाऱ्यांनी म्हणे सुचवलं होतं की मॅडमनी पुढून, पाण्याच्या जवळून मारावं. यांनी ऐकलं नाही. माझा शंभर जातो, मी सगळ्यांबरोबर मागूनच मारणार, असं भर मीटिंगमध्ये सांगून आल्या होत्या. ते ऐकूनही मी एक रविवार गप्प बसलो.

पुढच्या रविवारी, स्पर्धेच्या आधीच्या, त्या शेवटच्या मॅटकडे निघाल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, आज मधल्या मॅटवर या. तुमचा चेंडू शंभर जात नाही. तिथे उतार आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं."

त्यांनी मधल्या मॅटवर जाऊन चेंडूंची बादली जवळजवळ संपवली. तिथली जमीन सपाट, गवत दाट. एकही चेंडू सत्तरच्या पुढे पडला नाही. मग बाकावर बसून बराच वेळ पाणी पीत राहिल्या. आता उठून जातील, असं मला वाटलं. गेल्या असत्या तर मला सोपं झालं असतं, हेही लिहायला हवं.

"दोन फटक्यांत गेलं तर चालतं?" त्यांनी विचारलं. "पहिला पाण्याच्या अलीकडे थांबवला तर?"

"चालतं. चांगले खेळणारेही तसं करतात."

"हे खरं आहे, की हेही माझं मन राखायला?"

 माझ्या उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. उठून त्या आयटीवाल्याकडे गेल्या आणि त्याला हिंदीत तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, हाँ मॅम, मैं तो हमेशा यही करता हूँ. त्या परत आल्या, स्वतःच चेंडू मांडला आणि पन्नासच्या पाटीकडे बघून मारला. चेंडू तिरका जाऊन बाजूच्या जाळीला लागला.

"मान वर उचललीत," मी म्हणालो. "चेंडू सुटायच्या आधीच बघायला गेलात. वाईट फटका."

त्यांनी बादलीतला पुढचा चेंडू काढला.